जिप्सीचं हूड फाटलंय, मिरगाआधी कमी खर्चात दुरुस्त कसं करायचं?

टपउघडा_चिपळूण

गाडी मारुती जिप्सी किंग, २००७, सॉफ्ट टॉप. हूड कंपनीचं नाही, बाजारातलं आहे. काळं, बाहेरून गुळगुळीत व्हिनाइल, आतून राखाडी कापड. तीन ठिकाणी बिघडलंय.

मधल्या कमानीवर (हूड पेलणाऱ्या पाइपावर), ड्रायव्हरच्या डोक्यामागे काटकोनात फाटलंय. एक बाजू १४ सेंमी, दुसरी ६ सेंमी. त्याच बाजूला टप आणि बाजूचा पडदा जोडणारी शिवण ४० सेंमी उसवलीय. तिथे कापड धड आहे, दोराच कुजलाय. मागच्या खिडकीचं प्लास्टिक पिवळं पडलंय आणि खालच्या कोपऱ्यात तडकलंय.

नवीन हूड शिवून बसवायचे १६ हजार सांगतात. माझं बजेट सगळं मिळून तीन हजार. गॅरेजमध्ये सल्ला मिळाला की फेविबॉण्ड लावून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवा. टिकेल का? नसेल तर काय करू? घरी हीट गन आणि ड्रिल आहे, शिलाई मशीन नाही.

---

दाभण

ट्यूब नको आणि फेविबॉण्डही नको. कारण समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कोणी असलं काही सुचवलं तर तुम्हीच नाही म्हणाल.

व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. ते मुळात कडक असतं. मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखा प्लास्टिसायझर घातलेला असतो आणि तो हळूहळू बाहेर झिरपत राहतो. फेविबॉण्डसारखी पिवळी रबर सोल्युशनं बहुतेक निओप्रीनची, म्हणजे कृत्रिम रबराची असतात, ती हा प्लास्टिसायझर शोषून मऊ पडतात. पहिले काही आठवडे ठिगळ घट्ट वाटतं, मग कडा चिकट होऊन सरकायला लागतात. काळं रबर तर व्हिनाइलवर कायमचा तपकिरी डाग सोडतं.

तुम्हाला लागेल ते पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं सोल्युशन. चपला-बुटांचं सामान विकणाऱ्या दुकानात ‘पीव्हीसी सोलचं पीयू’ म्हणून मागा. २०० मिलीचा डबा भरपूर झाला, तुमच्या कामाला जेमतेम ५० मिली जाईल. सोबत त्याचा हार्डनर घ्यायचाच. इथेच बहुतेक लोक चुकतात. हे सोल्युशन ६०-७० अंशांना मऊ होऊन चिकटतं. बुटाला ते चालतं, पण मे महिन्यात काळं हूड उन्हात तेवढं सहज तापतं. हार्डनर नसेल तर ठिगळ भर दुपारी सुटणार. हार्डनर साधारण ५ टक्के, म्हणजे ५० मिलीला अडीच मिली. इंजेक्शनच्या सिरिंजने मोजा, अंदाजाने ओतू नका. मिसळलेलं काही तासांत घट्ट होतं, म्हणून थोडंच मिसळा. हार्डनरमधे आयसोसायनेट असतं, ते श्वासाला आणि कातडीला घातक, तेव्हा हातमोजे घाला आणि काम उघड्यावर करा.

त्याआधी एक परीक्षा. हुडाची कड कुठेतरी दुमडून दोन बोटांत घट्ट चिमटा. बाहेरच्या थराला बारीक भेगा पडल्या किंवा आतलं कापड दिसलं, तर त्यातला प्लास्टिसायझर संपलाय. मग ठिगळ कितीही चांगलं मारा, चीर त्याच्या शेजारून पुन्हा सुरू होईल. तीच परीक्षा फाटलेल्या जागेपासून हातभर अंतरावरही करा, कारण कड सावलीत असते आणि टपाने ऊन खाल्लेलं असतं.

आता ठिगळ. खरी ताकद आतल्या ठिगळाची. बाहेरचं फक्त पाणी अडवायला. आतलं २४ × १६ सेंमी कापा, म्हणजे चिरेच्या चारही बाजूंना ५ सेंमी मिळेल. बाहेरचं २० × १२. दोन्ही एकाच मापाची कापू नका. दोन्हींच्या कडा एका रेषेत आल्या की तिथे बिजागरी तयार होते आणि व्हिनाइल नेमकं त्या रेषेवर मोडतं. कोपरे नाण्याच्या कडेवरून आखून गोल कापा. चौकोनी कोपरा सगळ्यात आधी उचलला जातो.

साफसफाई साबणाच्या पाण्याने, मऊ ब्रशने, मग एक दिवस पूर्ण वाळवा. आतलं कापड पाणी धरून ठेवतं, बाहेरून कोरडं वाटलं तरी फसू नका. नंतर आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाईल दुरुस्तीवाल्यांच्या सामानात मिळतं. थिनर नको, व्हिनाइल चिकट होऊन फुगतं. पेट्रोल तेलकट थर सोडतं. हुडावर कधी डॅशबोर्डचं चकचकीत पॉलिश मारलं असेल तर त्यातलं सिलिकॉन दोन-तीनदा नवीन फडक्याने पुसून काढा. एकच फडकं फिरवलंत तर सिलिकॉन नुसतं पसरत जातं. बाहेरच्या बाजूला १८० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने, चमक जाईपर्यंतच.

चिकटवताना हूड ताणलेलं नको. त्या बाजूची बटणं आणि पट्टे सोडा, चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना भिडवा आणि बाहेरून चिकटपट्टी मारून तशाच धरा. खाली प्लायवूडचा तुकडा टेकवा, हवेत लोंबणाऱ्या कापडावर दाब बसत नाही. दोन्ही पृष्ठांवर पातळ थर. आतलं कापड पहिला थर पिऊन टाकतं, म्हणून तिथे वाळल्यावर दुसरा. १०-१५ मिनिटांनी बोट लावलं तर चिकटायला नको. मग हीट गनने दोन्ही बाजू इतक्या गरम करा की हात जेमतेम ठेवता येईल, आणि मधून कडांकडे दाबत बसवा. लाटणं चालतं, काचेची बाटली त्याहून बरी. आतलं झालं की पट्टी काढा आणि बाहेरचं तसंच बसवा. ४८ तास हूड ताणायचं नाही.

आणि हे सगळं करण्याआधी त्या कमानीवरून हात फिरवा. मधल्या पाइपावरच का फाटलं? नव्वद टक्के वेळा वेल्डिंगचा कंगोरा किंवा गंजाचं पोपडं निघतं. कानशीने घासा, प्रायमर मारा, वर निवारपट्टी किंवा भंगारातल्या सीट बेल्टची पट्टी गुंडाळा. फोम लावू नका, तो पाणी धरतो आणि पाइप आतून कुजतो. कमान तशीच ठेवलीत तर ठिगळाचे पैसे फुकट.

---

ताडपत्री_भिवंडी

वरच्या उत्तरातलं बहुतेक बरोबर आहे. बाहेरचं ठिगळ मात्र मी चिकटवणार नाही, वेल्ड करीन. ट्रकच्या पीव्हीसी ताडपत्रीला आम्ही सोल्युशन लावत नाही, गरम हवेनेच जोडतो. दोन्ही थर वितळून एक होतात, मग उन्हात सुटायला तिथे काही उरतच नाही.

आतून मात्र वेल्ड होणार नाही. तुमच्या हुडाला आतून कापड आहे, आणि वितळायला दोन्ही बाजूंना पीव्हीसी लागतं. म्हणून आत पीयू, बाहेर वेल्ड.

आधी कापडाबद्दल, कारण बाजारात इथेच फसगत होते. ठिगळाला सीट कव्हरचं रेक्झिन घेऊ नका. त्याच्या पाठीला विणलेलं लवचीक कापड असतं, ते ताणलं जातं आणि कडेतून पाणी ओढतं. पॉलिस्टर जाळीवर पीव्हीसी चढवलेली ट्रकची ताडपत्री घ्या, ६०० ते ७०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), दोन्ही बाजूंनी लेप असलेली. अर्धा मीटर पुरे. ताडपत्री शिवणाऱ्यांकडे कापून उरलेले तुकडे असतात, बरेचदा चहाच्या पैशात देतात.

दुकानदार ‘पीव्हीसीच आहे’ म्हणून पॉलिथिनची ताडपत्री हातात ठेवतो, तेवढं सांभाळा. तिच्यावर पीयू चिकटत नाही आणि पीव्हीसीशी ती वेल्डही होत नाही. ओळख सोपी. नखाएवढा तुकडा पाण्याच्या ग्लासात बुडवून हवेचे बुडबुडे झटका आणि सोडा. पीव्हीसी तळाला जातं, पॉलिथिन तरंगतं. दुसरी खूण वासाची. पॉलिथिन मेणबत्तीसारखं पेटून थेंब थेंब गळतं, पीव्हीसी ज्योत काढली की विझतं आणि नाकाला झोंबतं. ती वाफ आम्लाची असते, मुद्दाम हुंगू नका.

हीट गनला रुंद चपटं तोंड लावा, २० मिमीचं असेल तर उत्तम. हवा साधारण ४०० अंशांवर. सुरुवात हुडावर नको, त्याच तुकड्यांच्या दोन पट्ट्यांवर हात बसवा. तोंड दोन थरांच्या मधे, आणि त्याच्या मागोमाग लगेच रोलर. पृष्ठ ओलं झाल्यासारखं चमकलं की तापमान बरोबर. धूर आला किंवा कड तपकिरी झाली तर जळलं, पुढे सरका. गार झाल्यावर दोन्ही पट्ट्या ओढून सोलून पाहा. जोड सरळ उकलला तर वेल्ड कच्चा. लेप कापडावरून सोलून निघाला आणि जाळी उघडी पडली तर पक्का. पाच-सहा पट्ट्या वाया घालवल्याशिवाय गाडीला हात लावू नका.

जुन्या हुडाचा वरचा थर उन्हाने मेलेला असतो, तो वितळत नाही. म्हणून वेल्डिंगला पॉलिश पेपर जरा जास्त फिरवावा लागतो, खालचा ताजा काळा रंग दिसेपर्यंत. हूड फारच पातळ झालं असेल तर मात्र दाभण यांचीच पद्धत बरी. पातळ जागी हीट गन सरळ भोक पाडते.

---

कुशनवाले_सांगली

शिवण आणि खिडकीबद्दल कोणी बोललं नाही, मी सांगतो.

उसवलेली ४० सेंमी शिवण हातानेच करा, मशीन लागत नाही. एकच नियम, सुई जुन्याच भोकांतून गेली पाहिजे. व्हिनाइलला पडलेलं भोक बुजत नाही. जुन्या भोकांच्या मधे नवी पाडलीत तर तिकिटांच्या पानासारखी रेघ तयार होते आणि पुढच्या ताणाला तिथूनच फाटतं. मशीनवर देणार असाल तर कारागिराला आधीच सांगा, टाका ४ ते ५ मिमीचा, जवळ टाके म्हणजे मजबूत ही समजूत इथे उलटी पडते.

दोरा बॉण्डेड पॉलिस्टर, जाडी टेक्स ९० च्या आसपास (टेक्स म्हणजे एक किलोमीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन), सुई १८ नंबर. सुती दोरा भिजून फुगतो आणि भोक बुजवतो हे खरं, पण दोन पावसाळ्यांत कुजतो. नायलॉन हाताला मजबूत लागतो, मात्र उन्हात पॉलिस्टरपेक्षा लवकर मरतो. आधीचाही बहुतेक सुतीच असणार.

दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. एकाच भोकातून दोन्ही सुया समोरासमोर काढायच्या, दर वेळी सारखाच ताण द्यायचा. शिवणीच्या पाचपट दोरा घ्या, तुम्हाला दोन मीटर. उसवलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना धड शिवणीवरून चार-पाच टाके चढवून घ्या, नाहीतर पुढचा दोरा सुटत जातो. कापड सरकू नये म्हणून ऑफिसच्या काळ्या क्लिपा लावा, टाचण्या नकोत, त्यांचीही भोकं राहतात. शेवटी टाक्यांवर बाहेरून त्याच पीयूचा बारीक हात मारा, हार्डनर घालून. ब्रशने, फासायचं नाही.

खिडकीच्या तड्याला तात्पुरता उपाय म्हणजे तड्याच्या टोकाला ३ मिमीचं गोल भोक. तडा तिथे थांबतो. पण पिवळं पडलेलं प्लास्टिक ठिसूळच असतं, पावसाळा काढायचा तर बदला. पारदर्शक पीव्हीसी शीट अर्धा मिमी जाडीची, खिडकीपेक्षा चारही बाजूंनी ५ सेंमी मोठी. पॉलिकार्बोनेट किंवा ॲक्रिलिक उचलू नका, ते शिवता येत नाही.

मापाची कटकट वाचवायची युक्ती सांगतो. जुनी खिडकी आधी कापू नका. नवी शीट बाहेरून जुन्यावरच ठेवा, क्लिपा लावा, चारही बाजूंनी शिवून घ्या. मग आतून जुनं प्लास्टिक शिवणीच्या १ सेंमी आत कापून काढा. हुडाचा आकार जसाच्या तसा राहतो. आधी कापलं की ते तोंड लोंबतं आणि मग कितीही मोजा, खिडकी तिरकीच बसते. काम शीट उन्हात कोमट करूनच करा. गार शीट शिवलीत तर दुपारच्या उन्हात ती पोटासारखी सुटते. हे काम हाताने करू नका, दोन मीटरच्या पुढे शिवण आहे. हूड उतरवून सीट कव्हरवाल्याकडे न्या, दोन्ही थर सारखे ओढणारा फूट असलेली मशीन आहे का विचारा. साध्या मशीनचा फूट प्लास्टिकला चिकटतो आणि वरचा थर मागे राहतो.

---

घाटवाट_४बाय४

एवढी उठाठेव करण्यापेक्षा सेकंडहँड फायबरचा हार्ड टॉप टाका, कायमची कटकट मिटेल.

---

दाभण

तीन हजारांत? आणि आरसीवर बॉडी ‘सॉफ्ट टॉप’ लिहिलेली असेल तर तो नुसता पैशांचा प्रश्न राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलापासून हटतील असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. पासिंगच्या वेळी अडकाल.

---

टपउघडा_चिपळूण

सगळ्यांचे आभार. चिमटा-परीक्षा केली. कड चांगली आहे, टपावरही भेगा नाहीत, पण मधल्या कमानीच्या रेषेवर हाताच्या पंजाएवढ्या भागात बारीक तडे दिसतात. कमानीवर वेल्डिंगचा दाणा निघाला, अगदी चिरेच्या कोपऱ्याखालीच.

दोन अडचणी. एक, बटणं सोडूनही लांब बाजूच्या कडा भिडत नाहीत, मधे ८ मिमी फट राहते. दोन, आधीच्या मालकाने चिरेच्या एका टोकाला पांढरं सिलिकॉन सीलंट फासलंय.

---

ताडपत्री_भिवंडी

फट राहते म्हणजे हूड आकसलंय. ओढून भिडवू नका, तो ताण नंतर बाजूच्या शिवणीवर जाईल, आणि ती तुम्ही नुकतीच हाताने घातलेली असेल. फट तशीच राहू द्या. आतलं ठिगळ आधी बसवा, मग फटीत बसेल अशी त्याच ताडपत्रीची ८ मिमीची पट्टी चिकटवा म्हणजे पातळी सारखी होईल, आणि त्यावर बाहेरचं. पट्टी वगळलीत तर बाहेरचं ठिगळ मधे खचतं आणि त्या पन्हाळीत पाणी साचतं.

तड्यांचा भाग पंजाएवढा असेल तर ठिगळांची मापं बदला. आतलं ठिगळ तड्यांच्या पलीकडे धड कापडावर ५ सेंमी गेलं पाहिजे, बाहेरचं ३ सेंमी. आणि तिथे हीट गन अजिबात नको, बाहेरचंही पीयूनेच करा.

---

दाभण

सिलिकॉनवर काहीच चिकटत नाही, सिलिकॉनसुद्धा नीट चिकटत नाही. प्लास्टिकच्या पट्टीने, उदाहरणार्थ जुन्या एटीएम कार्डाने, जाड थर खरवडा. ब्लेड नको. उरलेला पातळ थर अंगठ्याने चोळून चोळून त्याच्या वळ्या काढाव्या लागतात, कंटाळवाणं आहे पण दुसरा मार्ग नाही. मग पॉलिश पेपर, शेवटी आयपीए. पाण्याचा थेंब टाकून पाहा. थेंब गोल मण्यासारखा उभा राहिला तर सिलिकॉन अजून आहे, पसरला तर झालं.

अजून एक. हूड परत बसवल्यावर दोन कमानींच्या मधे हाताने दाबा. खोलगट होत असेल तर पाणी साचणारच. एक चौरस मीटरवर फक्त १ सेंमी पाणी थांबलं तरी त्याचं वजन १० किलो होतं, आणि गाडी हलली की ते वजन डचमळून शिवणीला झटके देतं. पुढच्या काचेच्या चौकटीपासून मागच्या कमानीपर्यंत हुडाखालून निवारपट्टीचे दोन पट्टे बकलने ताणून बांधा. खर्च शे-दोनशे. कोकणातल्या पावसात ठिगळापेक्षा जास्त उपयोग याचाच होईल.

---

टपउघडा_चिपळूण

चपलांच्या दुकानात पीयू मिळालं, हार्डनर ‘संपलाय’ म्हणतात. तसंच लावू का? आणि इथे आभाळ आताच भरून येतंय.

---

दाभण

तसंच लावू नका. कोल्हापूरकडून कोणी येत असेल तर मागवून घ्या, तिथे चपलांचा धंदा मोठा, सुटा हार्डनर मिळायला अडचण नाही. बाटली सीलबंद आहे ना पाहा. एकदा उघडलेला हार्डनर हवेतल्या दमटपणाने आतच घट्ट होतो, तळाशी पांढरा साका दिसला तर परत द्या.

दमट हवेत सोल्युशन उडताना पृष्ठ गार होतं आणि त्यावर बाष्प बसतं. थरावर दुधी झाक दिसली की तो थर वाया, काढून पुन्हा लावायचा. म्हणून सकाळी नको, दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान करा, आणि सोल्युशन लावायच्या आधीच हूड हीट गनने कोमट करून घ्या. तोपर्यंत गाडी बाहेर काढायचीच असेल तर चिरेवर आतून-बाहेरून रुंद चिकटपट्टी चालेल, पण काढल्यावर तिचा गोंद आयपीएने पूर्ण निघायला हवा.

---

कुशनवाले_सांगली

आणि झाल्यावर प्रेशर वॉशरने तपासू नका, ताज्या ठिगळाची कड तोच उचलतो. ४८ तासांनी एकाने बाहेरून मग्ग्याने पाणी ओतायचं, दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. खालून सुरुवात करून वर जा. वरून ओतलंत तर पाणी ओघळत येतं आणि नेमकं कुठून शिरतंय ते कळत नाही. शिवणीतून एखाद-दुसरा थेंब आला तर त्या टाक्यावर पीयूचा अजून एक हात. ठिगळाच्या कडेतून आलं तर वरून काही फासत बसू नका. तेवढी कड गरम करून उचला, आत सोल्युशन घाला आणि पुन्हा दाबा.